घरी कापलेले मायक्रोग्रीन्स फ्रीजमध्ये तिसऱ्याच दिवशी चिकट होतात. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की कापणी झाली की मायक्रोग्रीन्स, म्हणजे ट्रेमध्ये बी पेरून कोवळेपणीच कापलेली रोपं, स्वच्छ धुता, चाळणीत निथळत ठेवता, मग हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवता. तरी तिसऱ्या दिवशी तळची पानं चिकट होतात आणि डबा उघडला की वास येतो. दोष फ्रीजचा की डब्याचा, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर दोष धुण्याचा आहे. खायच्या आधी धुवा, ठेवायच्या आधी धुऊ नका. एवढी एक सवय बदललीत तरी निम्म्याहून जास्त काम होईल.

मीही सुरुवातीला कितीतरी कापण्या अशाच वाया घालवल्या. भाजी धुऊनच ठेवायची हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की ते सहजी सुटत नाही. पण हे रोप जेमतेम ७ ते १४ दिवसांचं असतं. पान अतिशय पातळ, देठ दोऱ्यासारखा, आणि कापलेलं टोक उघडं. कापल्यावरही ते जिवंत असतं, श्वास घेत असतं, अंगातली साखर जाळत असतं. कोवळं असल्यामुळे हा वेग मोठ्या पालेभाजीपेक्षा जास्त असतो. पानांवर पाणी राहिलं की देठाच्या टोकातून झिरपणारा रस त्यात मिसळतो आणि जिवाणूंची आयती सोय होते. तुम्हाला लागतो तो चिकटपणा त्यातूनच येतो. चाळणीत कितीही वेळ निथळलं तरी एकमेकांना चिकटलेल्या पानांच्या मधलं पाणी जात नाही.

म्हणून मी तयारी आदल्या रात्रीच सुरू करते. कापायच्या आधी ८ ते १२ तास ट्रेला पाणी देत नाही, आणि शेवटचे दोन-तीन दिवस तर वरून फवारणं बंदच, पाणी द्यायचं ते भोकांच्या ट्रेखाली ठेवलेल्या दुसऱ्या ट्रेमधून. सकाळी मुळांशी ओल असावी पण पानं हाताला कोरडी लागावीत. कापते सकाळी लवकर, हवेत गारवा असताना. त्या वेळी रोप ताठ असतं. दुपारी कापलेलं डब्यात जाण्याआधीच मान टाकतं.

कात्रीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते धुण्याखालोखाल फरक तिच्यामुळे पडतो. मुळ्याचा एक देठ उचलून त्याचं टोक उजेडात धरून बघा. धारदार कात्रीनं कापलेलं टोक सरळ आणि गोल दिसतं. बोथट कात्रीनं कापलेलं चेपलेलं असतं, त्याच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि दोन दिवसांनी नेमकं तिथूनच ते तपकिरी पडायला लागतं. कोकोपीटपासून (मातीऐवजी वापरतो तो नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण १ सेंटीमीटर वर कापा, म्हणजे कण सोबत येणार नाहीत आणि धुवायची घाईही वाटणार नाही. सूर्यफूल असेल तर कापायच्या आधी ट्रेवरून हलका हात फिरवून टरफलं पाडा. पानांत अडकलेलं टरफल ओल धरून ठेवतं आणि बुरशी अनेकदा तिथून सुरू होते.

आता डबा. खोल नको, पसरट घ्या. तळाशी किचन टॉवेलचा कोरडा कागद, त्यावर मायक्रोग्रीन्सचा दोन-तीन बोटं जाडीचा सैल थर, वर आणखी एक कागद. दाबून भरलं की आतली पानं गुदमरतात. हवाच न मिळाल्यामुळे जो आंबूस वास येतो तो वेगळाच. भरल्यावर लगेच झाकण लावू नका. अर्धा तास उघडाच फ्रीजमध्ये ठेवा, पानं गार झाली की झाकण लावा, नाहीतर त्यांच्याच उबेनं आत दव धरतं. संध्याकाळी झाकण उलटं करून बघा. थेंब असतील तर पुसा आणि कागद बदला. उलट कागद कोरडा ठणठणीत आणि पानं मलूल दिसली, तर एक कागद ओला करून घट्ट पिळून वर ठेवा. आतली हवा दमट हवी, पानावर थेंब मात्र नको. हा तोल दोन-तीन कापण्यांत हाताला कळतो.

फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमान राहील अशी जागा बघा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी मुळ्याचे मायक्रोग्रीन्स १, ५ आणि १० अंशांना ठेवून पाहिले होते, तेव्हा १ अंशाला ते सगळ्यांत चांगले राहिले. दारात ठेवू नका, दर वेळी उघडताना तिथे गरम हवा लागते. मागच्या भिंतीला टेकवूनही नको. तिथे पानं गोठून काचेसारखी पारदर्शक होतात आणि मग काळी पडतात. सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो दुसऱ्या कप्प्यात. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं लवकर पिवळी पडतात.

एवढं सांभाळलं तर माझ्याकडे मुळा, मोहरी, ब्रोकोली आठवडाभर राहतात, वाटाणा आणि सूर्यफूल त्याहून दोन-तीन दिवस जास्त. राजगिरा आणि कोथिंबीर नाजूक, तीन-चार दिवसांत संपवा. बेसिल फ्रीजमध्ये ठेवूच नका, थंडीनं ते काळं पडतं. लागेल तेव्हाच कापा.

आधी धुतल्याशिवाय राहवतच नसेल तर सलाड स्पिनरमध्ये (पानं गरगर फिरवून पाणी झटकणारं जाळीचं भांडं) फिरवून मग कापडावर पातळ पसरा आणि पानाला पान चिकटेनासं झालं की डब्यात भरा. एकदा चिकटपणा किंवा वास आला की मात्र वरवरचे निवडून घेऊ नका, सगळा डबा टाका. जीव हळहळतो, पण कच्चं खायचं असतं.

अख्खा ट्रेच फ्रीजमध्ये ठेवला तर, असंही तुम्ही विचारलंय. दोन-तीन दिवस चालतं, वाढ मंदावते. पण तिथल्या अंधारात पानं हळूहळू फिकी पडतात आणि ट्रे जागाही फार अडवतो. मी एका मोठ्या ट्रेऐवजी तीन लहान ट्रे वापरते आणि चार-चार दिवसांच्या अंतरानं पेरते. त्यामुळे माझ्या डब्यात चार दिवसांपेक्षा जुनं काही सहसा नसतंच.