एफडी मोडून शेततळ्याला एरेटर घ्यावा का?

सांगोला तालुक्यातल्या वाचकाचा प्रश्न: 30×30×3 मीटरचं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं, पाणी डाळिंबाला. गेल्या वर्षी 900 बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडून 450 किलो मासळी 110 रुपयांनी विकली. श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात पहाटे मासे वर येऊन तोंड काढत होते, काही मेले. आता 80 हजारांची एफडी मोडून 1 एचपीचे दोन पॅडलव्हील एरेटर (फिरत्या चाकाने पाणी उडवून त्यात हवा मिसळणारी यंत्रं) घ्यायचे आणि 2,500 मासे सोडायचे, असा विचार आहे.

एफडी मोडू नका. मासे वाढवायचे असतील तर दोन एरेटर पुरणारच नाहीत. 2,500 पैकी 80 टक्के जगले आणि 800 ग्रॅमचे झाले, तर माल 1,600 किलो. 1 एचपीमागे साधारण 400 ते 500 किलो मासळी धरतात, म्हणजे एरेटर चार, 1 लाख 60 हजार रुपये. विक्री 1,76,000. किलोला दीड किलो प्रमाणे 2,400 किलो खाद्य, 42 रुपये किलो दराने 1,00,800. बीज 5 रुपयांनी 12,500. शेवटचे पाच महिने रात्री दहा तास चार एचपी चालले तर सुमारे 6,000 युनिट, 6 रुपयांनी 36,000. उरले 26,700. याच हिशेबाने सध्याची 450 किलो मासळी 16,650 देते. दीड लाखाच्या वर गुंतवून वर्षाला दहा हजार जास्त, तेही एरेटरची झीज आणि दुरुस्ती न धरता.

खरी गोम लाईटची आहे. पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, कारण रात्रभर शेवाळही तो वापरतं. ढगाळ दिवशी तर मुळात तयारच कमी झालेला असतो. थ्री फेज दिवसाच मिळत असेल, तर नेमक्या वेळी एरेटर बंद. दाट मासळीत अशी एक रात्र पुरते, अन् वर्षाचं खाद्य पाण्यात. एरेटरच्या किमतीत जनरेटर धरलाच नसेल तर तो हिशेब अर्धवट. शिवाय खाद्यातून होणारा अमोनिया एरेटरने संपत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये डाळिंबाने पाणी ओढलं की तळं निम्मं होतं, मासे मात्र तेवढेच.

यंदा 900च सोडा. ढगाळ दिवशी खाद्य बंद, हा उपाय फुकटचा. ऑक्सिजन तपासायचा किट घ्या. पहाटे 3 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली आला की पंपाने तळ्याचंच पाणी उचलून, भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपातून कारंज्यासारखं परत तळ्यात पाडा. लाईट नसेल तर डिझेल इंजिन. तरीही एरेटर हवाच असेल तर एकच, 1 एचपीचा, आणि त्यासाठी एफडीवर कर्ज काढा. मोडली तर व्याजात दंड बसतो. खाद्याच्या खेळत्या भांडवलाला किसान क्रेडिट कार्ड बघा, 2018-19 पासून ते मत्स्यपालनालाही आहे. दिवसाच लाईट असेल तर एरेटर दुपारी तासभर चालवा, वरचा ऑक्सिजन खाली जातो. पॅडलव्हील दोरांनी बांधावरच्या खुंट्यांना बांधा; कागदातून खुंटी ठोकली तर तळं गळेल.