नवीन फिश टँकमधले मासे आठवड्यातच का मरतात? उरलेले कसे वाचवायचे?

प्रश्न: आर्वी तालुक्यातल्या गावात राहतो. आठ दिवसांपूर्वी २ फुटी फिश टँक आणला, बोअरचं पाणी भरलं आणि दुसऱ्याच दिवशी वर्ध्याहून आणलेले ४ गोल्डफिश आणि ६ गप्पी सोडले. पाणी दुधासारखं झालं म्हणून सगळं बदललं, फिल्टर नळाखाली धुतला. दुकानदाराने दिलेलं निळं औषधही टाकलं. आता १ गोल्डफिश आणि ३ गप्पी उरलेत, तेही वर येऊन तोंड उघडझाप करतात. हा कोणता रोग आहे? औषध कोणतं आणू?

उत्तर:

रोग बहुतेक नाहीच, भाऊ. त्यामुळे औषध आणूही नका. तुम्ही सांगता त्यावरून हे अमोनियाचं विष दिसतंय.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य सडून त्यात आणखी भर पडते. जुन्या टँकमध्ये एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट मात्र अधूनमधून पाणी बदललं की माशाला झेपतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, फिल्टरच्या स्पंजवर आणि खालच्या रेतीवर चिकटून वाढतात. नवीन टँकमध्ये त्यांची पुरेशी वस्ती व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी १० मासे सोडले, म्हणजे घाण करणारे आले आणि साफ करणारं कोणी नव्हतं. जी थोडी वस्ती झाली असेल ती नळाखाली धुतलेल्या फिल्टरबरोबर वाहून गेली. निळं औषध म्हणजे बहुधा मेथिलीन ब्लू, तेही या जिवाणूंना मारक आहे.

त्यात आपला एप्रिल. अमोनिया किती विषारी ठरतो हे पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) आणि तापमानावर असतं. पीएच ७ आणि पाणी २५ अंश असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का जहाल रूपात असतो. पीएच ८ आणि पाणी ३३ अंश झालं की तोच ९ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे टेस्ट किटवर आकडा तेवढाच दिसतो, पण विष पंधरा पटींहून जास्त. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड असतं आणि हवा लागून स्थिरावलं की पीएच बरेचदा ८ च्या आसपास येतो. उलट गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, ३३ ला ७ च्या आसपास. तोंड वर काढणं यातूनच येतं. कल्ले लालभडक दिसत असतील तर अमोनिया, तपकिरी झाले असतील तर नायट्राइट, असा मोठा अंदाज धरायला हरकत नाही.

आता आजपासून काय करायचं ते.

आज आणि उद्या खाद्य बंद. मासे उपाशी मरणार नाहीत, तीन-चार दिवस ते सहज काढतात. पण तुम्ही टाकलेली प्रत्येक चिमूट उद्याचा अमोनिया आहे.

२४ × १२ × १२ इंचांच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर मावतं. रेती आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी धरा ४५ लिटर. त्यातलं १८ ते २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली, आजच बदला. पुढचे सात-आठ दिवस रोज एक बादली. सगळं पाणी एकदम बदलू नका. पीएच आणि तापमानाचा झटका बसतो आणि अर्धमेला मासा त्यातच जातो. पाणी काढताना पाइप रेतीत खुपसून तळातला गाळ ओढून घ्या.

बदलायचं पाणी आदल्या दिवशी भरून घरातच ठेवा, अंगणात उन्हात नको. बोअरच्या ताज्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून बादलीत एअर पंपाचा दगड रात्रभर सोडा. दगड नसेल तर, आणि आजच्या बादलीसाठीही, सात-आठ वेळा उंचावरून एका बादलीतून दुसरीत ओता. टँकमधल्या आणि बादलीतल्या पाण्यात एक-दोन अंशांहून जास्त फरक नको. साधा थर्मामीटर टँकलाच चिकटवून ठेवा.

ही बादली फक्त टँकसाठी ठेवा. फवारणीचं औषध कालवलेली बादली, मग किंवा पाइप कितीही धुतला तरी वापरू नका. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखी कीटकनाशकं माशांना अगदी सूक्ष्म मात्रेतही मारतात. शेतातून आल्यावर टँकमध्ये हात घालायचा असेल तर आधी साबणाने कोपरापर्यंत धुवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घ्या.

पुढच्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. नायट्राइट रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून नेणं बंद पाडतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा धापा टाकतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे मीठ, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. लिटरला १ ग्रॅम पुरे, म्हणजे ४५ लिटरला ४५ ग्रॅम जाडं मीठ. ते मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून दोन-तीन तासांत थोडंथोडं सोडा, खडे थेट टाकू नका. नंतर १८ लिटर पाणी बदललं की नव्या पाण्यात १८ ग्रॅम मीठ. मात्र वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याची भरपाई करताना मीठ टाकायचं नाही, कारण मीठ वाफेबरोबर जात नाही.

वाफेचा मुद्दा आपल्या भागात जास्त लागू आहे. कूलर आणि पंखा चालू असलेल्या खोलीत २ फुटी टँकमधून रोज लिटर-दीड लिटर पाणी सहज उडतं. ती भरपाई तुम्ही बोअरच्या जड पाण्याने करत राहिलात तर क्षार साठत जातात आणि काचेवर पांढरी रेघ उठते. रोजची भर आरओच्या कॅनमधल्या पाण्याने घाला. पूर्ण टँक आरओच्या पाण्याने भरणं मात्र चुकीचं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच टिकत नाही आणि गप्पीला तर थोडं जड पाणीच मानवतं. अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनी अर्धं बोअर, अर्धं आरओ असं मिसळून घ्यावं.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरत असाल तर त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं क्लोरीन असतं. रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडं ठेवलं की ते उडून जातं. शंका असल्यास गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (क्लोरीन तपासणी) करून घ्या. पिवळा रंग आला तर ते पाणी अजून टँकसाठी नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली सवय आहे, पण तुरटीचं पाणी टँकमध्ये नको.

दुधाळ पाण्याने घाबरू नका. ती पाण्यात तरंगणाऱ्या वेगळ्याच जिवाणूंची लाट असते, आठवडाभरात आपोआप बसते. सगळं पाणी बदललं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

फिल्टर २४ तास चालू हवा. 'रात्री आवाज होतो' म्हणून बंद करणारे बरेच आहेत आणि त्यांचे मासे पहाटे मरतात. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळायचा. काळपट दिसतो म्हणून नवा घालू नका.

लाइन जाणं हा आपला कायमचा विषय. तास-दोन तासांनी फार बिघडत नाही. त्यापुढे यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप पॉवर बँकेला जोडा. तोही नसेल तर दर पंधरा मिनिटांनी मगभर पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता. एअर पंप टँकच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर लाइन गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि मग जमिनीवर उतरतं. दहा-वीस रुपयांचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नळीत बसवा किंवा पंप टँकपेक्षा उंच ठेवा. बंद डब्याचा फिल्टर चार-पाच तास बंद राहिला तर आतले जिवाणू ऑक्सिजनअभावी मरून सडू लागतात. अशा वेळी आतलं कुबट पाणी फेकून, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मगच सुरू करा. म्हणूनच गावात मला डब्याच्या फिल्टरपेक्षा हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर बरा वाटतो.

तापमान ३२ च्या वर जात असेल तर झाकण काढून जाळी लावा आणि टेबल फॅनचा झोत पाण्यावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात. एक लिटरची गोठवलेली बाटली या टँकचं पाणी दोन-अडीच अंश उतरवते. पण दिवसातून एकदाच आणि दुपारी. सकाळ-संध्याकाळ बाटल्या टाकून तापमान वरखाली करण्यापेक्षा ३२ वर स्थिर राहिलेलं चालेल. नवतप्यात टँक पश्चिमेच्या भिंतीला तर ठेवूच नका.

मच्छरांची कॉइल, लिक्विड मशीन किंवा स्प्रे त्या खोलीत अजिबात नको. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात ढकलतो आणि त्यातलं औषधही सोबत जातं. रात्री मच्छरदाणी लावा.

वस्ती लवकर करायची असेल तर सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे कुणाच्या तरी चालू, निरोगी, जुन्या टँकमधला वापरलेला स्पंज. त्याच टँकच्या पाण्यात ओला ठेवून दोन-तीन तासांत आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. ज्या टँकमध्ये माशांवर पांढरे ठिपके असतील तिथून काही आणू नका. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, पण दुकानात ४५ अंशांत महिनोन्‌महिने पडलेल्या बाटलीवर मी पैसे घालणार नाही.

शक्य असेल तर थेंबांचं अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट किट घ्या. दोन्हींपैकी काहीही ०.५ पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेलं की एक बादली बदला. १ च्या वर गेलं तर अर्धं पाणी.

गोल्डफिश मात्र कुणा मोठा टँक किंवा हौद असलेल्याला द्या. तो वीतभर वाढतो, घाण भरपूर करतो आणि त्याला थंड पाणी मानवतं. ४५ लिटरमध्ये तो सुखाने राहणार नाही. विहिरीत किंवा धरणात सोडू नका. ३ गप्पी राहू द्या. आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खायला टाक्यांत सोडतो तीच ही जात, चिवट असते.

नवीन मासे आणायचे ते सलग सात दिवस अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच, आणि एका वेळी दोन-तीनच. तोपर्यंत रोज खाद्य एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पिशवी १५ मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून सोडा आणि पिशवीतलं पाणी बाहेर झाडाला घाला.