वाचकांचे प्रश्न : पीएसपीवरील रॅली गाड्या

सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल, म्हणजेच पीएसपी, या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी २००९ साली ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा शर्यतीचा खेळ आला. त्यात आठशेहून अधिक गाड्या आहेत. त्यांपैकी रॅलीच्या, म्हणजे माती-डांबराच्या साध्या रस्त्यांवरील शर्यतीच्या, गाड्या संख्येने थोड्या असल्या, तरी वाचकांच्या पत्रांत सर्वाधिक विचारणा त्यांच्याचविषयी असते. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : खेळातील प्यूजो कंपनीच्या विक्रीदालनात ‘२०५ टर्बो १६’ ही गाडी दोनदा दिसते. एक १९८५ ची, रस्त्यावर चालणारी. दुसरी १९८६ ची, छताच्या मागच्या कडेला भलामोठा पंख लावलेली. एकाच गाडीला दोन जागा कशासाठी? शिवाय साध्या गाडीतही इंजिन आसनांच्या मागे का ठेवले आहे? (पुणे)

उत्तर : या दोन गाड्या शेजारी शेजारी असणे, ही या खेळातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे; कारण १९८२ ते १९८६ या काळातील ‘ग्रुप बी’ या रॅली-गटाची नियमावली त्या जोडीत जशीच्या तशी दिसते. एखादी गाडी या गटात उतरवायची असेल, तर कंपनीने बारा महिन्यांत तशा दोनशे गाड्या बांधल्या पाहिजेत, अशी अट होती. प्यूजोने आधी रॅलीची गाडी आखली आणि मग अट पुरी करण्यासाठी दोनशे गाड्या रस्त्यासाठी बांधल्या. म्हणून बाजारातल्या नेहमीच्या २०५ मध्ये इंजिन पुढे असून पुढचीच चाके ओढत असताना, ‘टर्बो १६’मध्ये मात्र इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले आहे आणि ताकद चारही चाकांना जाते. आपण १९८५ ची म्हणून जी गाडी चालवता, ती या अटीपोटी जन्मलेली, सुमारे दोनशे अश्वशक्तीची गाडी होय. पुढे याच नियमांत अशी सवलत होती की, आणखी वीस सुधारित गाड्या बांधल्या, तर त्या सुधारणा शर्यतीतही वापरता येतील. त्या विसांच्या सवलतीतून ‘इव्होल्यूशन २’ आली; तिचा पंख आणि साडेचारशेच्या घरातील किंवा त्याहून अधिक अश्वशक्ती यांचा उगम तेथे आहे.

याच नियमावलीतील दुसरे कलम लक्षात ठेवले, तर त्या काळातील इतर गाड्यांचेही गूढ उकलते. टर्बो लावलेल्या इंजिनाचे सीसीमधील घनफळ १.४ ने गुणून गाडीचा वर्ग ठरवला जाई, आणि वर्गावरून किमान वजन व टायरची कमाल रुंदी ठरत असे. प्यूजोचे इंजिन १७७५ सीसीचे. गुणाकार केला की २४८५ येतात. अडीच हजारांची मर्यादा केवळ १५ सीसीने राखली गेली आणि गाडीला ८९० किलोचे किमान वजन पुरले. फोर्डने ‘आरएस २००’साठी १८०३ सीसीचे इंजिन घेतले, त्याचा गुणाकार २५२४ होतो. त्या २४ सीसीमुळे फोर्ड वरच्या वर्गात गेली आणि तिला ९६० किलो हे किमान वजन लागू झाले. ही गाडीही खेळात आहे. समतोल साधण्यासाठी तिचे इंजिन मध्यभागी आणि गिअरबॉक्स पार पुढच्या चाकांजवळ ठेवला होता. जागतिक मालिकेत ती १९८६ च्या एकाच हंगामात उतरली आणि स्वीडनमधील तिसरा क्रमांक हीच तिची सर्वोत्तम कामगिरी ठरली.

रेनॉची ‘५ मॅक्सी टर्बो’ उलट्या वाटेने गेली. मूळ इंजिन १३९७ सीसीचे होते, म्हणजे गुणाकारानंतर दोन हजारांच्या आतले. रेनॉच्या अभियंत्यांनी ते १५२७ सीसी करून गाडी जाणूनबुजून वरच्या वर्गात नेली. कारण तेथे अधिक रुंद टायर वापरता येत होते आणि त्यासाठी वाढीव वजन सोसायला ते तयार होते. मागच्या दोनच चाकांना ताकद देणाऱ्या त्या गाडीने १९८५ मध्ये जाँ रॅग्नोटी यांच्या हाती कॉर्सिकाची डांबरी रॅली जिंकली. तिला खेळात डांबरावर चालवून पाहावे आणि मग मातीवर न्यावे. मातीवर ती का गरगरते हे लगेच कळेल.

ग्रुप बीच्या या चढाओढीचा शेवट दुःखद झाला. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकामध्ये हेन्री टोइव्होनेन आणि शेजारी बसून त्यांना वळणे सांगणारे नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्टो यांची लान्चिया दरीत कोसळून पेटली आणि दोघेही मृत्युमुखी पडले. त्याच हंगामात पोर्तुगालमध्ये एक गाडी प्रेक्षकांत घुसून माणसे दगावली होती. पुढील हंगामापासून ग्रुप बी बंद करण्याचा निर्णय लगेचच जाहीर झाला. त्या गाड्यांचा थरार वाटणे स्वाभाविक आहे, मात्र तो वाटताना ही नावेही आठवणीत असावीत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : ग्रँड कॅनियनच्या मातीच्या मार्गावर माझी लान्चिया ‘स्ट्रॅटोस’ प्रत्येक वळणावर उलटी फिरते. दोष गाडीचा की माझ्या हाताचा? (ठाणे)

उत्तर : दोष कोणाचाच नाही, गाडी मात्र शिकण्यासाठी चुकीची निवडली आहे. निव्वळ रॅली जिंकण्यासाठी कोऱ्या कागदावर आखलेली पहिली गाडी म्हणून स्ट्रॅटोस ओळखली जाते. फेरारीचे २.४ लिटरचे व्ही-६ इंजिन चालकाच्या पाठीमागे, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघे २.१८ मीटर. इतक्या आखूड गाडीला वळवायला फार थोडा इशारा पुरतो, आणि म्हणूनच एकदा फिरू लागलेली गाडी आवरायला फार थोडा वेळ मिळतो. त्या चपळाईच्या जोरावर तिने १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षे उत्पादकांचे विजेतेपद मिळवले.

त्यात पीएसपीची एक मर्यादा येऊन मिळते. या यंत्राची बटणे किती जोराने दाबली हे ओळखत नाहीत. ॲक्सिलरेटर एक तर पूर्ण दाबलेला असतो, नाहीतर पूर्ण सुटलेला. खऱ्या स्ट्रॅटोसचा चालक पाय किंचित हलका करून गाडी सावरतो. आपल्याला तेच काम बटण टिचक्या मारल्यासारखे, तुटक तुटक दाबून करावे लागते. वळणाच्या तोंडाशी बटण सोडावे, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येते आणि पुढची पकड वाढते. गाडीचे नाक आत वळले की मग टिचक्या सुरू कराव्यात. बटण सतत दाबून धरले की मागची चाके नुसतीच फिरतात आणि गाडीची शेपूट बाहेर जाते.

आधी १९९२ ची लान्चिया ‘डेल्टा एचएफ इंटिग्राले’ किंवा १९९७ ची मित्सुबिशी ‘लान्सर इव्होल्यूशन ४’ घ्यावी. दोन्हींत ताकद चारही चाकांना जाते आणि त्या चुका पोटात घालतात. डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे विजेतेपद लान्चियाकडे ठेवले, तर इव्होल्यूशन ४ घेऊन टॉमी मॅकिनेन यांनी १९९७ चे चालकांचे विजेतेपद पटकावले. ते त्यांच्या सलग चारांपैकी दुसरे होते. या गाड्यांवर हात बसला की स्ट्रॅटोसकडे जरूर परत यावे.

प्रश्न : १९९५ ची टोयोटा ‘सेलिका जीटी-फोर’ ही फसवणूक करताना पकडलेली गाडी आहे, असे ऐकतो. ते खरे असेल, तर तिला खेळात स्थान का दिले? (कोल्हापूर)

उत्तर : ऐकलेले खरे आहे. टर्बोमध्ये जाणारी हवा मर्यादित राहावी म्हणून त्या काळी ३४ मिलिमीटर व्यासाची कडी, म्हणजे रिस्ट्रिक्टर, सक्तीची होती. १९९५ च्या कातालुन्या रॅलीत तपासनिसांना आढळले की, टोयोटाच्या गाड्यांत हवेच्या नळीचा पट्टा आवळला की ही कडी काही मिलिमीटर मागे सरकते आणि तिला वळसा घालून जादा हवा आत शिरते. तपासणीसाठी पट्टा सैल केला की स्प्रिंगांच्या जोराने कडी पुन्हा जागच्या जागी येई, आणि सारे नियमाप्रमाणे दिसे. कलाकुसर इतकी बारीक होती की, मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोझ्ली यांनीही तिच्या कौशल्याचा उल्लेख केला होता. टोयोटाचे त्या हंगामातील गुण रद्द झाले आणि संघावर बारा महिन्यांची बंदी आली. चालकांना याची कल्पना असल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी गुण त्यांचेही गेले. त्या वर्षाचे विजेतेपद सुबारूच्या कॉलिन मॅकरे यांना मिळाले.

गाडी वगळली असती, तर ९५ च्या हंगामाचे चित्र अपुरे राहिले असते. सेलिका ही मुळात उत्तम बांधणीची गाडी होती. त्याच हंगामात दिदिए ओरिओल यांनी तिच्यावर कॉर्सिका जिंकली होती. तिला चालवावे आणि तिची हकीगतही सांगावी, असे मला वाटते.

प्रश्न : दालनात हव्या त्या कंपनीची गाडी मिळतच नाही. लान्चियासाठी कितीदा चकरा माराव्यात? (सोलापूर)

उत्तर : या खेळात एका वेळी चारच कंपन्यांची दालने उघडी असतात, आणि खेळातले दोन दिवस सरले की ती बदलतात. शर्यती खेळत राहिल्याने दिवस पुढे सरकतात. तोवर पैसे साठवून ठेवावेत, हाच उपाय. मित्राकडे पीएसपी असेल, तर समोरासमोर बसून गाड्यांची देवाणघेवाणही करता येते.

प्रश्न : खऱ्या रॅलीत शेजारी बसलेला नॅव्हिगेटर वळणे वाचून दाखवतो. या खेळात तो का नाही? (नागपूर)

उत्तर : कारण येथील मातीचे आणि बर्फाचे मार्ग म्हणजे बंद वर्तुळे आहेत, तेच वळण पुढच्या फेरीत पुन्हा येते आणि तोंडपाठ होते. खऱ्या रॅलीत एका गावाहून दुसऱ्या गावाकडे जाणारा रस्ता असतो. चालक आणि नॅव्हिगेटर तो आधी सावकाश पाहून वळणांची टिपणे काढतात, आणि शर्यतीत पुढचे वळण दिसण्यापूर्वीच चालक त्या टिपणांवर विश्वास टाकतो. मॅकरे यांच्या १९९५ च्या विजेतेपदात शेजारी बसलेल्या डेरेक रिंगर यांचा वाटा म्हणूनच मोठा आहे. या खेळात रॅलीची गाडी मिळते, रॅली मिळत नाही, हे मान्य करूनच तो खेळावा.

प्रश्न : आमच्याकडे होणाऱ्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’मध्ये मित्सुबिशी ‘सेडिया’ धावताना पाहून मी मोठा झालो. तिच्या जवळची एखादी गाडी या खेळात आहे का? (नाशिक)

उत्तर : आहे, आणि नाते अगदी जवळचे आहे. २००१ ची ‘लान्सर इव्होल्यूशन ७’ सेडियाच्याच सांगाड्यावर उभी आहे. दारे आणि छपराची रेघ पाहिली तरी ओळख पटेल. फरक यंत्रात आहे. भारतीय राष्ट्रीय मालिकेत धावलेली सेडिया दोन लिटरची, बिनटर्बोची आणि पुढची चाके ओढणारी होती, तर इव्होल्यूशन ७ ला टर्बो आहे आणि ताकद चारही चाकांना जाते. तिला मातीचे टायर लावून ताहितीच्या मार्गावर न्यावे. तेथील वळणे अरुंद आणि दाट झाडीतून जाणारी असल्यामुळे वेगापेक्षा गाडीचा तोल जास्त उपयोगी पडतो.