संथ, शांत की निवांत?

प्रश्न असा : फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या सेन नदीवरच्या पहाटेच्या चित्राखाली मराठीत एक ओळ लिहायची आहे. 'शांत नदी' म्हणावं की 'संथ नदी'? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत. 'शांत'च्या मागे बहुतेकदा काहीतरी गडबड उभी असते. रडणारं मूल शांत होतं, वादळानंतर समुद्र शांत होतो. 'शांत स्वभाव' म्हणतानाही, चिडण्याजोगं घडलं तरी चिडत नाही, हेच सांगायचं असतं. 'संथ'ला असा भूतकाळ लागत नाही. पाणी वाहतंय, पण खळखळ नाही, भोवरा नाही, एवढंच. कोणी तळ्यालाही 'संथ' म्हणतं; मला तिथे 'निश्चल' बरा वाटतो.

आता चित्र बघा. १८९६-९७ मध्ये मोने जिव्हर्नी या आपल्या गावाजवळ, एप्त नदी सेनला मिळते त्या भागात, पहाटे साडेतीनला उठून होडीत जाऊन बसायचा. एकाच वेळी चौदाएक कॅनव्हास हाताशी. उजेड बदलला की पुढचा घ्यायचा. चित्रं जवळजवळ चौरस. वर झाडं, खाली त्यांचंच प्रतिबिंब, आणि मधली काठाची रेष धुक्यात विरलेली. उलटं टांगलं तर पटकन कळायचं नाही! वाहणं कुठे दिसत नाही, पण ही नदी आहे हे विसरताही येत नाही. इथे 'संथ'च.

त्याच मोनेने १८६९ साली 'ला ग्रनुयेर' या चित्रात हीच सेन रुंद, तुटक फटकाऱ्यांनी रंगवली आहे. तिथे 'संथ' अजिबात चालणार नाही. ते पाणी हिंदकळतंय.

खरं तर या धुक्याच्या चित्रांना मनातून 'निवांत' द्यावासा वाटतो. संस्कृतात 'निवात' म्हणजे वारा नसलेलं. गीतेतला न हलणारा दिवा असाच निवात जागी ठेवलेला आहे. 'निवांत' त्याच्याच घरचा मानतात. पण आज आपण 'रविवारी निवांत भेटू' म्हणतो, त्यामुळे 'निवांत नदी' वाचलं की नदीने रजा टाकल्यासारखं वाटतं.

तेव्हा लिहा : 'सेन नदीवरची पहाट, धुकं आणि संथ पाणी.' आणि हो, 'सीन' लिहिलंत तरी चालेल, पण वर काना देऊ नका. सीना आपली सोलापूरकडची.