शब्दशिडी: कोणता शब्द चालतो, कोणता बाद

मागच्या अंकात ‘ऊस ते गूळ’ ही शब्दशिडी दिली होती. दर पायरीला एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक शब्द खरा पाहिजे. उत्तर होतं ऊस, कूस, कूळ, गूळ. काहींनी मूस-मूळवरून नेलं, तेही बरोबर. पण उत्तरांपेक्षा भांडणंच जास्त आली, म्हणून या वेळी फक्त नियमांचे प्रश्न घेतो.

मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची की अक्षरासोबतच? (सेलू)

दोन्ही चालतं, फक्त खेळ सुरू करायच्या आधी ठरवा, मधेच नाही. आपल्या सदरात मात्रेसकट अख्खं अक्षर एक धरतो. म्हणजे दूध ते दही असं जाईल: दूध, दूर, दर, दही. आता कडक नियम लावला, की एका वेळी एकतर व्यंजन बदला नाहीतर मात्रा, तर ‘दर’वरून डायरेक्ट ‘दही’ला उडी मारता येत नाही कारण ‘र’चा ‘ही’ करताना दोन्ही बदलतात, मग मधे दरी घ्यावी लागते: दूध, दूर, दर, दरी, दही. मला कडकच जास्त आवडतो खरं तर, पण लहान लेकरं कंटाळतात. जोडाक्षर एकच अक्षर, त्यावर वाद नको. म्हणून ज्वारी दोन अक्षरी आणि भाकरी तीन, आणि ज्वारीची भाकरी या खेळात काही होत नाही!

बीड चालेल का? गावाचं नाव म्हणून मित्रानं बाद केलं. (केज)

चालेल. बिडाचा तवा घरात असेल तर मित्राला दाखवा. जालना, लातूर, नांदेड मात्र बाद, विशेषनाम नको हा नियम पक्का.

‘दारी’ का कापलं? सगळे बोलतात की. (उदगीर)

बोलतात, पण ते ‘दार’चंच रूप आहे. इंग्रजीत शब्दाला फार शेपट्या लागत नाहीत, आपल्याकडं एका दारचं दारा, दारी, दारे, दारं होतं, आणि हे सगळं चालू दिलं की मात्रा बदलायची अर्धी मेहनत फुकटात होते, कुठंही अडलं की लावा विभक्ती आणि जा पुढं, मग कोडं कशाला म्हणायचं त्याला? म्हणून शब्दकोशात जसा शब्द छापलाय तसाच घ्यायचा. अनेकवचन बाद, सामान्यरूप बाद. क्रियापदाचं आज्ञार्थी रूपही बाद, म्हणून ‘बघ’ नाही. पण ‘कर’ चालेल कारण तो टॅक्स आहे, ‘मार’ चालेल कारण तो खाता येतो.

मग कोणता शब्दकोश धरायचा? आमच्याकडं विळ्याला इळा म्हणतात, ते? (जिंतूर)

एक कोश आधीच ठरवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857ची, त्यात आज कुणाच्या तोंडी नसलेले ढीगभर शब्द आहेत, ते शोधून शिडी चढणारे लोक मला फसवे वाटतात, नियमात बसतं तरी. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश जास्त बरा, त्यात गावाकडचे शब्दही घेतलेत. आणि इळा? माझ्याकडं चालेल. ज्या शब्दानं रोज गवत कापलं जातं तो खोटा कसा? बस, पेन, फोन पण चालतील. ऱ्हस्व-दीर्घाची सूट मात्र नाही, ‘पाणि’ लिहून पाठवू नका.

हा खेळ काढणाऱ्या लुईस कॅरॉलनं 1877च्या नाताळात दोन मुलींना करमत नव्हतं म्हणून तो बनवला, आणि 1879 पासून ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात छापला. त्याची अट होती की शब्द चारचौघांत बोलता येईल असा पाहिजे. त्याची हेड ते टेल शिडी आपल्या लिपीत लिहिली तर मजाच होते: हेड, हील, टील, टेल, टॉल, टेल. इंग्रजीतले tell आणि tail आपल्याकडं दोन्ही ‘टेल’च. शेवटाला पोचायच्या आधीच पोचलो!

रस्ता आहेच की नाही हे कसं कळणार? रात्रभर बसलो. (वसमत)

एकाच टोकाकडून चढत बसू नका. दोन्ही शब्दांच्या एका पायरीवरचे सगळे शब्द लिहा, मग त्यांच्या पुढचे, दोन्ही याद्यांत एखादा शब्द सारखा आला की रस्ता सापडला. कॉम्प्युटर साधारण हेच करतो, आणि एका बाजूची यादी वाढायची थांबली की समजा रस्ताच नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथनं इंग्रजीतले पाच अक्षरी 5757 शब्द घेऊन बघितलं तर 671 शब्दांना एकही शेजारी, म्हणजे एक अक्षर बदलून होणारा शब्द, नव्हता. असा शब्द कोड्यात आला तर दोष तुमचा नाही, कोडं देणाऱ्याचा.

तूर ते डाळ: तूर, तूळ, डाळ. बरोबर ना? (औसा)

हुशारी आहे, पण तूळ राशीचं नाव झालं, म्हणून बाद. तूळ सोडून पुढच्या अंकासाठी सगळ्यांनी हेच सोडवा, मधे दोनच शब्द लागतात.