आत्यासाठी केअर होम बघतेयस ना, मग हे वाच

अगं, तुझा मेसेज वाचला. तिन्ही होमकडे लायसन्स आहे, मग आता निवडायचं कसं, असं विचारतेयस. लायसन्स नसेल तिथे पाऊलसुद्धा टाकू नकोस हे खरंच, पण त्यावर लिहिलंय काय तेही वाच. किती जणांना ठेवायची परवानगी आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस ठेवता येतं का, डिमेन्शियाचं चालतं का. मागचे इन्स्पेक्शन रिपोर्टपण माग. एखादी त्रुटी दिसली म्हणून लगेच फुली मारू नकोस, तीच त्रुटी पुढच्या रिपोर्टात परत आलीये का ते बघ.

पण मला सगळ्यात जास्त काळजी रात्रीची आहे. छोट्या जागेत मोजकी माणसं राहतात, सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, म्हणून मलाही छोटी जागाच आवडते, पण तिथला सगळा डोलारा एक-दोन माणसांवर उभा असतो गं. दिवसा हसून दार उघडणारी मावशी रात्री असेलच असं नाही. मग रात्री कोण असतं, जागं असतं की झोपलेलं, एकटंच का? आत्या रात्री दोनला बाथरूमला उठली आणि पडली तर तिला उचलायला दुसरं माणूस कुठून येणार? नेहमीची मावशी आजारी पडली तर बदली कोण? हे आधी मालकाला विचार, मग तेच रात्रपाळीवालीला विचार. उत्तरं जुळली पाहिजेत.

एकदा सांगून जा आणि एकदा न सांगता, संध्याकाळी जेवणं आटोपायच्या सुमाराला. हॉल किती चकाचक आहे ते राहू दे, तिथे राहणाऱ्यांकडे बघ. चष्म्याच्या काचा पुसल्यात का, नखं कापलीत का, कानातलं मशीन चालू आहे का, बेल आणि पाण्याचा ग्लास हात पोचेल इतक्या जवळ आहेत का. वय वाढलं की तहान कमी लागते, कोणी हातात ग्लास दिला नाही तर पाणी पोटात जातच नाही, मग डिहायड्रेशन होतं नाहीतर युरिन इन्फेक्शन, आणि या वयात ते कित्येकदा ताप न येता माणूस एकदम असंबद्ध बोलायला लागतं त्यातून कळतं. चांगली केअरटेकर अशा वेळी डॉक्टरला फोन लावते, "वय झालंय, चालायचंच" म्हणून सोडून देत नाही. "असं झालं तर तुम्ही काय करता?" एवढंच विचार आणि गप्प बसून ऐक.

औषधांचा चार्ट कसा भरतात तेही बघ. एका ठिकाणी मी दुपारी चार वाजता चार्ट उघडला तर रात्रीच्या गोळ्यांसमोर सह्या आधीच झालेल्या, सगळ्यांच्या, एकाच पेनाने, आणि गोळ्या डबीत तशाच. तिथे मी नंतर कुणालाही पाठवलं नाही. संध्याकाळी सातलाच सगळे गाढ झोपलेले दिसले तरी विचार, झोपेसाठी काय देता आणि कुणाच्या सांगण्यावरून. म्हाताऱ्यांना जपून द्यायच्या औषधांची एक यादी असते, 1991 मध्ये डॉ. मार्क बिअर्स यांनी पहिल्यांदा केलेली, अजूनही अपडेट होते. सर्दीच्या आणि झोपेच्या साध्या गोळ्यांमध्ये असतं ते डायफेनहायड्रामिनसुद्धा तिच्यात आहे, त्याने गोंधळही वाढतो आणि पडायची भीतीही. आत्याची सगळी औषधं तिच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घे.

आता आत्याचं. 1963 मध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या सहा गोष्टींवरून माणसाला किती मदत लागते ते मोजायची पद्धत मांडली, अंघोळ, कपडे, टॉयलेट, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-संडासवर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. साधारण अंघोळीची मदत सगळ्यात आधी लागते आणि जेवण सगळ्यात शेवटी सुटतं. आत्याचं आज यातलं काय काय जमतं ते कागदावर लिही, आणि होमवाल्यांना पुढच्या टप्प्याचं विचार, कारण आजच्या आत्याला तर तिघंही हो म्हणतील. उद्या ती पलंगावरून उठू शकली नाही तर ठेवाल का? रात्रीसुद्धा साधारण दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? टाचा आणि माकडहाड रोज कोण बघणार? एकाच कुशीवर पडून राहिलं की बेडसोअर, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमा, व्हायला वेळ लागत नाही, भरून यायला महिने जातात.

करारात चार्ज कधी वाढतो, हॉस्पिटलमध्ये असताना तिची जागा राखून ठेवतात का, जागा सोडायला किती दिवसांची नोटीस लागते, एवढं तरी बघच.

आणि हे सगळं तिच्या पाठीमागे नको करूस प्लीज. तिला सोबत ने, दुपारभर बसू दे, जमलं तर थोडे दिवस ट्रायलवर राहू दे. तिला खिडकीजवळचा पलंग हवा असेल, कुणाबरोबर खोली शेअर करायची नसेल, तर ते तिचं म्हणणं तुझ्या यादीत सगळ्यात वर लिही. तू तिला टाकतेयस असं मनात आणू नकोस. रात्रभर एकटीने जागून तिला सांभाळणं तुला आता झेपत नाहीये, आणि तिला जागं माणूस जवळ लागतंय.

सही करायच्या आधी कराराचे फोटो मला पाठव, सगळ्या पानांचे, आपण फोनवर बसून वाचू.