पहिल्यांदा 'माफिया' खेळतोयस तर

बाबू, 2020 ची 'माफिया : डेफिनिटिव्ह एडिशन' घेतलीस, उत्तम केलंस. पण शहरभर उंडारायला हा गेम नाही. टॅक्सी चालवणारा टॉमी अँजेलो सालिएरीच्या टोळीत कसा ओढला जातो, ती गोष्ट महत्त्वाची. म्हणून कटसीन, म्हणजे मधेमधे गोष्ट सांगणारी दृश्यं, एकही उडवू नकोस, सबटायटल चालू ठेव. फिरायची हौस 'फ्री राइड' या मोकळं भटकायच्या मोडमध्ये फेड, तीही गोष्ट संपल्यावर.

नवखे हमखास अडकतात ते मोटारशर्यतीत. ड्रायव्हिंगची सेटिंग 'रेग्युलर'वरच ठेव. ब्रेक वळणाआधी दाब, गाडी वळणात शिरल्यावर नको. तोंड सरळ झालं की मग ॲक्सिलरेटर. भिंतीला घासलीस की पुढचे निसटलेच. 'क्लासिक' ही सगळ्यांत अवघड पातळी आताच घेऊ नकोस, तिथे बंदुकीचं अर्धं भरलेलं मॅगझिन बदललं तर उरलेल्या गोळ्या वाया जातात.

आणि आपल्या मालवणात पावसाळ्यात वीज कधी जाईल, नेम नाही. गेम चेकपॉइंटलाच, म्हणजे ठरावीक टप्प्यांवरच, सेव्ह होतो. ऐन गोळीबारात पीसी बंद पडला तर तेवढा भाग पुन्हा खेळावा लागतो, रंगच जातो सगळा. नवं ग्राफिक्स कार्ड राहू दे, आधी वीज गेल्यावर थोडा वेळ पीसी चालू ठेवणारा यूपीएस घे. पीसीचं कॅबिनेटही समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेव. खाऱ्या हवेने आतले स्क्रूसुद्धा गंजतात.